जिनिव्हाच्या करारातून वगळलेले कोल्हापूर

२५ सप्टेंबर १९२६ रोजी जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या गुलामगिरीविरोधी करारावर सह्या झाल्या. माणसाने माणसावर मालकी गाजवणे बंद करायचे, सक्तीच्या मजुरीचे रूपांतर गुलामगिरीत होऊ द्यायचे नाही, असे जगातल्या राष्ट्रांनी एकत्र येऊन पहिल्यांदाच कागदावर कबूल केले. मानवी तस्करी आणि वेठबिगारी यांच्याविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय सहकार्याचा इतिहास सांगताना हा करार हमखास सांगितला जातो. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात त्याची एक ओळ असते. त्या सहीखाली भारताच्या नावाने काय लिहिले होते, ते मात्र त्या पुस्तकात सापडत नाही.

त्या वेळी भारत स्वतंत्र नव्हता, पण राष्ट्रसंघाचा सभासद होता. भारताच्या वतीने सही करताना एक राखीव निवेदन जोडले गेले. गुलामगिरीचे सर्व प्रकार क्रमाक्रमाने नष्ट करण्याचे बंधन, सक्तीच्या मजुरीवरचे पाचवे कलम आणि त्याला जोडून येणारी सहावे व सातवे ही कलमे काही प्रदेशांना लागू होणार नाहीत, असे त्यात म्हटले होते. ब्रह्मदेश आणि आसामातले काही डोंगरी मुलूख त्यात होते. शिवाय ब्रिटिश सम्राटाच्या अधिसत्तेखालच्या हिंदी राजेरजवाड्यांचे सगळे प्रदेश होते.

म्हणजे हैदराबाद, म्हैसूर, बडोदे, सांगली, मिरज, इचलकरंजी, आणि अर्थात कोल्हापूर. या मुलखातला माणूस वेठीला धरला गेला, तर ती जिनिव्हाची बाब नव्हती.

यात आणखी एक मजा आहे. राष्ट्रसंघात जाणाऱ्या हिंदी शिष्टमंडळात बहुधा एखादा महाराजा असायचाच. १९१९ च्या व्हर्सायच्या तहावर भारतातर्फे सही करणाऱ्यांत बिकानेरचे महाराज गंगासिंग होते. राजा टेबलाशी बसलेला चालत होता, पण त्याच्या प्रजेला त्या टेबलावरचा कायदा लागू होणे चालत नव्हते.

आता सन नीट बघा. कोल्हापूर १९२६ मध्ये करारातून वगळले गेले. पण कोल्हापूरच्या राजाने त्याच्या सहा ते आठ वर्षे आधीच, कोणी न सांगता, जिनिव्हाने पुढे अर्धवट मागितलेले काम हुकूम काढून केलेले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये महार वतनाच्या जमिनी रयताव्याने करून त्या जमिनीला चिकटलेल्या गावकीतून महारांना मोकळे करण्याचा हुकूम दिला. त्याच साली गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद केली. १९२० मध्ये वेठबिगारी बंद केली. त्याच वर्षी मुलींना देवाला सोडण्याविरुद्ध, जोगत्या-मुरळ्यांच्या प्रथेविरुद्ध कायदा आणला. ६ मे १९२२ रोजी महाराज गेले. जिनिव्हाचा करार त्यानंतर चार वर्षांनी आला.

हा योगायोग सांगून छाती फुगवण्यासाठी मी लिहीत नाही. मुद्दा वेगळा आहे. जगाने गुलामगिरीची व्याख्या करताना डोळ्यासमोर आफ्रिकेतला साखळदंड ठेवला. जातीने बांधलेल्या माणसाच्या पायात साखळदंड दिसत नाही, म्हणून तो व्याख्येबाहेर राहिला. ज्या ज्या वेळी तो व्याख्येत आला, त्या त्या वेळी आतल्या माणसाने त्याला ओढून आत आणले. बाहेरच्यांना तो आपणहून दिसला नाही.

साखळदंड न दिसण्याचे कारण वतनाच्या रचनेत होते. १८७४ च्या मुंबई वतन कायद्यानुसार महार हा 'वतनदार' होता. कागदावर देशमुख, पाटील, कुलकर्णी आणि महार सगळेच वतनदार! पण पाटलाचे वतन म्हणजे सत्ता आणि महाराचे वतन म्हणजे चोवीस तासांची चाकरी. सरकारी अंमलदार गावात आला की त्याचे सामान वाहायचे, घोड्याला वैरण आणायची, सारा घेऊन तालुक्याला जायचे, मयताचा सांगावा घेऊन उन्हातान्हात दहा गावे पायी हिंडायचे, मेलेले जनावर ओढायचे, गावची वेस राखायची. घरचा कर्ता पुरुष हजर नसला तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. मोबदला काय, तर पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होऊन चिंधीएवढी उरलेली हाडकी-हाडोळ्याची जमीन आणि खळ्यावर हात पसरून मागायचे बलुते.

ही गुलामगिरी आहे असे म्हटले की सरकार म्हणणार, छे, हा तर वंशपरंपरागत हक्काचा अधिकारी आहे, त्याला जमीन दिलेली आहे. आणि आपले लोकसुद्धा 'आमचे बावन्न हक्क' म्हणून त्यालाच कवटाळून बसत. इतका पक्का साखळदंड अमेरिकेतल्या मळेवाल्यालाही घडवता आला नाही. तिथल्या गुलामाला निदान आपण गुलाम आहोत हे ठाऊक होते.

शाहू महाराजांनी नेमकी ही गाठ ओळखली होती. नुसती 'वेठ बंद' अशी दवंडी पिटली असती तर पाटील-कुलकर्ण्यांनी दुसऱ्या दिवशी 'जमीन खातोस ना, मग काम कर' म्हणून महाराला परत उभे केले असते. म्हणून जमीन आणि चाकरी यांचा संबंधच तोडला. जमीन रयतेसारखी कसायची, सारा भरायचा, गावकीला बांधील राहायचे नाही. हुकूम निघाला म्हणून प्रत्येक गावात तो पाळला गेला असे कोणी समजू नये. गावकामगारांचा हितसंबंध ज्यात दुखावतो तो हुकूम दप्तरात झोपतो, हे आजही आपण बघतो. पण राज्याने वेठीला वेठ म्हटले, ही गोष्ट लहान नाही. २१ आणि २२ मार्च १९२० ला कागल जहागिरीतल्या माणगावात परिषद भरली आणि शाहू महाराजांनी बाबासाहेबांना आपले पुढारी म्हणून लोकांसमोर उभे केले, ती याच काळातली घटना आहे. माणगावचा तो मांडव आणि वेठ बंदीचे हुकूम या दोन सुट्या गोष्टी नाहीत.

आता कोल्हापूरच्या हद्दीबाहेर, ब्रिटिश मुलखात काय चालले होते ते बघू. तिथे तर जिनिव्हाचा करार लागू होता. १९२७ च्या मार्चमध्ये तो अमलात आला. बरोबर एक वर्षाने, मार्च १९२८ मध्ये, बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. मागणी काय होती? ज्याला वतन सोडायचे असेल त्याला ते सोडता यावे, जमीन पूर्ण सारा भरून त्याच्याकडे राहावी, बलुत्याऐवजी खात्रीचा मोबदला मिळावा, महाराने कोणती कामे करायची ते नियमांनी ठरवून द्यावे. क्रांतीची भाषा यात कुठेही नाही. गुलामगिरीविरोधी करारावर सही केलेल्या सरकारने हे बिल हातोहात उचलायला हवे होते. सरकारच्या महसूल खात्याने त्याला विरोध केला. निवड समितीतून त्याचा जीवच काढून घेतला गेला आणि १९२९ मध्ये बाबासाहेबांना ते मागे घ्यावे लागले. सरकारला जवळजवळ फुकटात राबणारा सर्वांत मोठा नोकरवर्ग सोडायचा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. कनिष्ठ गावकामगारांची वतने मुंबई राज्यात कायद्याने संपायला १९५८ साल उजाडले. कोल्हापूरच्या हुकुमानंतर चाळीस वर्षांनी!

१९३० मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने सक्तीच्या मजुरीवरचा एकोणतिसावा करार संमत केला. हा करार १९२६ च्या मानाने खूप पुढचा होता. शिक्षेच्या धाकाने आणि माणसाच्या इच्छेविरुद्ध करून घेतलेले कोणतेही काम म्हणजे सक्तीची मजुरी, अशी सरळ व्याख्या त्यात आहे. पण त्यातही अपवाद आहेत. लष्करी सेवा, तुरुंगातले काम, पूर-आग-दुष्काळ यांसारखी आणीबाणी, आणि शेवटी 'समाजाच्या थेट हितासाठी समाजाच्या घटकांनी करायची किरकोळ सामुदायिक कामे'. अट अशी की त्या कामांबद्दल समाजाचे किंवा त्याच्या प्रतिनिधींचे मत विचारात घेतले पाहिजे.

जिनिव्हात बसलेल्या माणसाला हा अपवाद निरुपद्रवी वाटला असेल. सगळ्यांनी मिळून विहीर उपसावी, रस्ता दुरुस्त करावा, त्यात काय वाईट? पण हाच अपवाद आपल्या गावात आणून ठेवा. गावाचा 'समाज' म्हणजे कोण? प्रतिनिधी कोण? किरकोळ काम कोणते आणि ते कोणाच्या वाट्याला? मेलेली म्हैस ओढणे हे गावाच्या थेट हिताचे किरकोळ सामुदायिक काम आहेच की! गाव म्हणजे एक समाज ही समजूतच मुळात खोटी आहे, हे बाबासाहेबांनी सांगितले ते उगाच नाही.

आता बायकांच्या व्यापाराकडे येऊ. १९२१ मध्ये जिनिव्हातच स्त्रिया आणि मुलांच्या व्यापाराविरुद्ध करार झाला. त्यात २१ वर्षांखालच्या मुलीला संरक्षण होते. भारताच्या वतीने पुन्हा राखीव निवेदन आले, की आम्ही २१ ऐवजी १६ वर्षे धरू. हे झाले १९२१ च्या सप्टेंबरात. शाहू महाराजांचा जोगत्या-मुरळ्यांचा कायदा १९२० चा. मुंबई सरकारचा देवदासी संरक्षण कायदा यायला १९३४ उजाडले.

त्या काळच्या आंतरराष्ट्रीय यंत्रणेची नजर देशांच्या सीमा ओलांडणाऱ्या व्यापारावर होती. बंदरात उतरणारी परदेशी बाई, तिला आणणारा दलाल, पासपोर्ट, जहाज कंपनी. पण कोल्हापूर-बेळगाव भागातली पोर सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडली जात होती आणि तिथून मुंबईच्या कामाठीपुऱ्यात पोचत होती, तिला कुठले जहाज लागत नव्हते आणि पासपोर्टही नाही. तिचा दलाल देव होता. जून १९३६ मध्ये बाबासाहेब मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये जोगतिणी, मुरळ्या, देवदासींच्या सभेत जाऊन त्यांच्याशी बोलले, हे धंदे सोडा म्हणाले. ज्यांना जगाचा कुठलाच करार मोजत नव्हता, त्या बायकांपुढे जाऊन ते बोलले. पुढे १९७० च्या दशकात गडहिंग्लज-निपाणी पट्ट्यात डॉ. बाबा आढाव, प्रा. विठ्ठल बन्ने, प्रा. सुभाष जोशी यांनी देवदासींना संघटित करायला सुरुवात केली, तेव्हा शाहू महाराजांच्या कायद्याला पन्नास वर्षे होऊन गेली होती. प्रथा जिवंत होती. महाराष्ट्राने स्वतःचा देवदासी निर्मूलन कायदा केला तो २००५ चा.

मग घटना समिती. ३ डिसेंबर १९४८ ला मसुद्याच्या सतराव्या कलमावर चर्चा झाली, तेच आजचे कलम २३. माणसांचा अपव्यापार, बेगार आणि तशाच स्वरूपाची सक्तीची मजुरी, या तिन्हींना एकाच वाक्यात बंदी. के. टी. शहा यांनी देवदासींचा उल्लेख त्यात थेट घालावा अशी दुरुस्ती सुचवली होती. मद्रासमध्ये कायदा झालेलाच आहे वगैरे सांगून ती नाकारली गेली. माझ्या मते ती चूक झाली. पण त्या कलमात जे आले तेही जिनिव्हाच्या पुढचे होते. बेगार हा इथल्या मातीतला शब्द राज्यघटनेच्या इंग्रजी मजकुरात जसाच्या तसा गेला, कारण त्याला इंग्रजीत जोडच नव्हती. आणि दुसऱ्या पोटकलमात राज्याला सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा घेता येईल असे म्हणताना, धर्म, वंश, जात किंवा वर्ग यावरून भेदभाव करता येणार नाही, अशी पाचर मारून ठेवली. १९३० च्या करारातले 'किरकोळ सामुदायिक काम' या पाचरीने निकालात निघते. गावाला रस्ता झाडायचा असेल तर पाटलाच्या पोराच्या हातातही झाडू द्यावा लागेल.

शिवाय हे कलम फक्त सरकारविरुद्ध नाही. खाजगी मालकाविरुद्धही ते चालते. १९८२ मध्ये आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, न्या. भगवतींच्या निकालपत्रात, हे स्पष्ट केले. किमान वेतनापेक्षा कमी पैशात माणूस राबतो तेव्हा तो भुकेच्या सक्तीने राबतो आणि ती कलम २३ खालची सक्तीची मजुरीच आहे, असे तो निकाल सांगतो. आंतरराष्ट्रीय व्याख्येतला 'शिक्षेचा धाक' आपल्या न्यायालयाने भुकेपर्यंत नेला.

बाबासाहेबांना जगाची मदत नको होती असे मात्र कोणी समजू नये. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डु बॉईस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतले निग्रो लोक संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज करत आहेत असे वाचले, त्याच्या प्रती मिळतील का, अस्पृश्यांसाठीही तसे करण्याचा विचार आहे, असा त्याचा आशय. डु बॉईस यांनी आपुलकीने उत्तर दिले. सहकार्य याला म्हणतात. दोन सरकारांनी एकमेकांची लाज झाकण्यासाठी राखीव निवेदने जोडणे वेगळे आणि दोन दडपलेल्या समाजांनी एकमेकांचे कागद मागणे वेगळे. २००१ मध्ये दर्बानच्या वंशवादविरोधी परिषदेत दलित संघटनांनी जातीचा प्रश्न नेला, तेव्हा भारत सरकारने तो अजेंड्यावर येऊ नये म्हणून जंग जंग पछाडले. १९२६ च्या निवेदनाचीच ती पुढची आवृत्ती होती.

स्वतंत्र भारताने करार बरेच मान्य केले. एकोणतिसावा १९५४ मध्ये, कर्जापोटी बांधून घेण्याला गुलामगिरीसदृश प्रथा ठरवणारा १९५६ चा पूरक करार १९६० मध्ये, मानवी तस्करीवरचा पालेर्मोचा मसुदा २०११ मध्ये. २०१३ मध्ये दंडसंहितेत तस्करीचे नवे ३७० कलम आले. त्यातल्या शोषणाच्या व्याख्येत गुलामगिरी आहे, दास्य आहे, लैंगिक शोषण आहे, अवयव काढणे आहे. 'सक्तीची मजुरी' हे शब्द नाहीत. पालेर्मोच्या व्याख्येत ते आहेत. नव्या न्याय संहितेच्या १४३ व्या कलमातही ते आले नाहीत. शंभर वर्षांनीही तेच वगळले जाते आहे.

याचा आजच्या कोल्हापूरशी काय संबंध, असे विचाराल तर दिवाळीनंतर कागल, हातकणंगले, शिरोळ, करवीर कुठल्याही रस्त्याला जा. शाहू महाराजांनी बांधायला घेतलेल्या राधानगरीच्या पाण्यावर पिकलेला ऊस तोडायला बीड, जालना, धाराशिवकडून टोळ्या आलेल्या असतात. नवराबायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून हंगामाआधीच उचल घेतलेली. ती फिटेपर्यंत फड सोडायचा नाही. आजारी पडले तर खाडा, खाड्याचे पैसे उचलीत जमा. हंगाम संपला तरी बाकी उरते आणि पुढच्या वर्षीच्या उचलीला जोडली जाते. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांचे सर्वेक्षण आले. ८२ हजारांहून जास्त बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भाशये काढलेली होती. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, हे त्यामागचे एक कारण बायकांनीच सांगितले.

फडात सगळेच दलित नसतात. वंजारी, बंजारा, मराठा, धनगर, मातंग, बौद्ध सगळे असतात. वतन एका जातीला बांधत होते, उचल कोरडवाहू गरिबाला बांधते. पण गाठ तीच आहे. मोबदला आधी हातात ठेवायचा आणि मग त्याच्या नावाने माणूस ठेवून घ्यायचा.

आपल्याकडचा ऊस वाहतूकदार यावर म्हणेल, टोळ्याच लाखो रुपये घेऊन पळतात, आम्ही बुडालो त्याचे काय? त्याचे बुडते हे खरे आहे, आणि त्यात कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेली आपलीही पोरे आहेत. फसवणूक झाली असेल तर फिर्याद द्यावी. पण पैसे बुडाले म्हणून माणूस, त्याची बायको किंवा लेकरू अडकवून ठेवता येत नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने तर असे कर्जच रद्द होते, आणि ते वेठीचे कर्ज नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आहे.

मार्च २०२४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने महाराष्ट्रातल्या या फडांवर मोठा वृत्तांत छापला आणि इथली साखर कोका-कोला, पेप्सीपर्यंत कशी जाते ते लिहिले. त्याच वर्षी युरोपियन युनियनने सक्तीच्या मजुरीतून बनलेला माल बाजारात येऊ न देण्याचा नियम केला, तो डिसेंबर २०२७ पासून लागू होईल. या बातम्यांनी आपण हुरळून जाऊ नये आणि त्यांना परकी कारस्थान म्हणून झिडकारूही नये. परदेशी कंपनीचा तपासनीस येईल, कारखान्याचे दप्तर तपासेल. दप्तरात तोडणी मजूर सापडणारच नाही, कारण कारखाना म्हणतो करार मुकादमाशी आहे, मजुराशी नाही. १९२६ ला महार 'वतनदार' होता म्हणून गुलाम नव्हता. आज ऊसतोड मजूर 'मुकादमाचा माणूस' आहे म्हणून कामगार नाही.

तपासनिसाला खोपीपर्यंत कोण नेणार? जिल्ह्यातली संघटनेची पोरे नेतील तरच तो जाईल. आणि त्याची वाट बघत बसायचेही कारण नाही. १९७६ च्या कायद्याच्या तेराव्या कलमानुसार प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असलीच पाहिजे. जिल्ह्याच्या समितीचा अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा त्याने नेमलेला माणूस. तीन सभासद त्याच जिल्ह्यात राहणारे अनुसूचित जाती किंवा जमातीचे. म्हणजे आपल्यातले तिघे त्या टेबलाशी बसण्याचा कायद्याने हक्क आहे. यंदाच्या गळीत हंगामाआधी माहिती अधिकारात जिल्हाधिकाऱ्यांना तीन प्रश्न विचारा. समितीची शेवटची बैठक कधी झाली, तिने किती फड पाहिले, आणि त्या तीन जागांवर सध्या कोण आहे.